पुढच्या तारखेचा चेक

सिनेमावर लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही. मी बी. कॉम. आहे, तेही सेकंड क्लास, आणि गेली बावीस वर्षं एका बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांच्या सह्या जुळवतो आहे. पण परवा आमच्या भाचीने माझ्या पुढ्यात एक कागद टाकला. भाची म्हणजे ताईची मुलगी. गेल्या जूनपासून कॉलेजसाठी आमच्याकडे राहते आणि 'मास मीडिया' नावाचं काहीतरी शिकते. आमच्या वेळी जे केल्याबद्दल मार बसायचा, म्हणजे सिनेमे पाहणं, रेडिओ ऐकणं, चावडीवरच्या गप्पा मारणं, त्याचा तिथे अभ्यासक्रम असतो. कागदावर छापलं होतं : 'चित्रपटाचा ट्रेलर प्रेक्षकांशी संवाद साधण्यासाठी माध्यमभाषेचा उपयोग कसा करतो ते सोदाहरण स्पष्ट करा. गुण वीस.'

"मामा, तुला काय वाटतं?"

वाटायला मला पुष्कळ गोष्टी वाटतात, परंतु घरात त्या कुणी विचारण्याची पद्धत नसल्यामुळे मी जरा दचकलोच. तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांना काय विचारतेस? थेटरात ट्रेलर लागले की हे घड्याळ बघत बसतात."

मी घड्याळ बघतो हे खरं आहे. तिकिटावर सहाची वेळ छापलेली असते आणि पिक्चर सहा वीसला सुरू होतं. मधल्या वीस मिनिटांचा हिशेब कुणीतरी ठेवायला नको? पण घड्याळ बघता बघताही मी ट्रेलर पाहतो, आणि बँकेच्या माणसाला त्यात जे दिसतं ते मास मीडियाच्या प्राध्यापकांना दिसेलच असं नाही. मी भाचीला म्हटलं, "लिही. ट्रेलर हा पुढच्या तारखेचा चेक असतो."

तिने पेन खाली ठेवलं. पण मुद्दा साधा आहे. माल अजून हाती यायचा आहे, किंबहुना पुष्कळदा तो तयारही व्हायचा आहे; पण 'येत्या दिवाळीला', 'पंधरा ऑगस्टला' अशी ठसठशीत तारीख घालून एक कागद आपल्या हातात देण्यात येतो आणि आपण तो विश्वासाने खिशात घालतो. फरक एवढाच, की साधा चेक खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला तर देणाऱ्यावर कलम १३८ खाली खटला होतो आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. ट्रेलर न वटता परत गेला तर आपण पॉपकॉर्नचा रिकामा पुडा टोपलीत टाकून घरी येतो.

आता ट्रेलर ह्या शब्दाचंच बघा. आमच्या तालुक्याच्या गावी ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडतात तो. कारखाना सुरू झाला की एकेका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेले दोन-दोन ट्रेलर डुलत जायचे आणि आम्ही मागून पळत ऊस उपसायचो. त्यामुळे सिनेमाच्या आधी येणाऱ्या गोष्टीला ट्रेलर का म्हणतात, हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नव्हतं. पुढे कळलं, की अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी हा प्रकार खरोखरच सिनेमाच्या मागे जोडत असत. पण पिक्चर संपलं की माणूस उठतो, हा मनुष्यस्वभाव आहे. तेव्हा मालकांनी तो मागचा डबा उचलून इंजिनाच्या पुढे आणून लावला. नाव मात्र तेच राहिलं. सरकारी कचेऱ्यांत नावं बदलतात आणि कारभार तोच राहतो. इथे बिचाऱ्यांनी उलट केलं.

आमच्या गावाला ट्रेलरची गरज नव्हती. आमच्याकडे रिक्षा होती. रिक्षेवर कर्णा आणि आत पुकारणारा गडी. पिक्चर त्याने स्वतः पाहिलेलं नसे, कारण पिक्चरची पत्र्याची पेटी दुपारच्या एस.टी.ने यायची आणि हा सकाळपासून ओरडत असायचा. पण 'मारामारी' हा एकच शब्द तो असा काही उच्चारायचा, की पहिल्या 'मा'वर ठोसा बसायचा आणि शेवटच्या 'री'वर माणूस दरीत पडायचा. चित्र नाही, संगीत नाही, फक्त एक कर्णा. माध्यमभाषा म्हणजे काय, हे मला त्याच्याकडून जितकं कळलं तितकं पुढे कुठेही कळलं नाही.

आणि थेटराच्या दाराशी काचेच्या कपाटात लावलेले फोटो! पिक्चर सुरू होण्याआधी ते आम्ही मोजून पाठ करत असू. मग आत बसल्यावर एकेक फोटो पडद्यावर हलू-बोलू लागला की मनातल्या मनात त्यावर टिकमार्क करायचा. अजून तीन फोटो यायचेत, म्हणजे पिक्चर बरंच शिल्लक आहे, असा आमचा ताळा असे. एकदा अकरा फोटोंपैकी दहाच आले. अकराव्यात नायक कड्याच्या टोकावर पांढऱ्या घोड्यावर बसला होता. पिक्चर संपलं, दिवे लागले, पण घोडा आला नाही. मी सरळ डोअरकीपरकडे गेलो आणि घोड्याची चौकशी केली. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "होता की! तू लघवीला गेला असशील." मी गेलो नव्हतो. वय वर्षं आठ, तिकिटाचे पैसे आजोळहून मिळालेले, आणि मी तीन तास जागचा हललो नव्हतो. तो घोडा मला अजून येणं आहे.

रेडिओवरची मजा वेगळी होती. विविध भारतीवर नव्या सिनेमांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम लागायचे आणि त्यांत अमीन सायानींचा तो आवाज यायचा. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. गाण्याचा एक तुकडा, संवादाचा एक तुकडा, दार करकरल्याचा आवाज, नायिकेची किंकाळी, आणि नेमकं तिथेच थांबून ते आपल्याशी अशा जिव्हाळ्याने बोलू लागत, की किंकाळी का फुटली हे थेटरात जाऊन विचारणं आपलं कर्तव्यच आहे असं वाटे. नुसत्या कानाने पाहिलेले ते सिनेमे पुढे डोळ्यांनी पाहिले तेव्हा बहुतेक फिके निघाले. पण तो दोष चेक लिहिणाऱ्याच्या अक्षराचा नव्हता.

असो. भाचीने हल्लीचे तीन ट्रेलर मला मोबाइलवर ओळीने दाखवले. प्रत्येक साधारण अडीच मिनिटांचा. तिन्ही संपल्यावर पहिला कुठला आणि तिसरा कुठला, हे मला सांगता येईना. आधी कंपन्यांच्या पाट्या. एका पिक्चरला इतके भागीदार, की आमच्याकडे करंट अकाउंट उघडायचं तर सह्यांचं कार्ड पुरणार नाही. मग कॅमेरा घारीसारखा शहरावरून फिरतो आणि एक खर्जातला आवाज माती, रक्त आणि आग ह्या तीन वस्तूंबद्दल काहीतरी गंभीर बोलतो. मग काळोख. मग बोटीचा भोंगा वाजावा तसा 'भोंऽऽ' असा आवाज येतो आणि स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात. २०१० साली 'इन्सेप्शन' नावाचा इंग्रजी सिनेमा आला, तेव्हापासून ह्या भोंग्याची फार चलती झाली आहे. हल्ली कौटुंबिक सिनेमातही सासूबाई जिना उतरल्या की भोंगा होतो.

चेष्टा सोडा, ह्यातली कारागिरी बारकाईने बघण्यासारखी आहे. तो मधला काळा पडदा म्हणजे नुसता काळोख नव्हे, ते विरामचिन्ह आहे. तिथे त्यांनी काहीच दाखवलेलं नसतं, म्हणून आपण आपल्या पदरचं काहीतरी घालतो, आणि स्वतः घातलेलं कुणाला आवडत नाही? नंतर चित्रं इतक्या वेगाने सरकू लागतात, की आमच्याकडच्या नोटा मोजायच्या यंत्राची आठवण व्हावी. फर्रकन बंडल गेलं, आकडा बरोबर आला, एवढंच कळतं. मधली नोट फाटकी होती का, हे कळत नाही. 'अमक्या गाजलेल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाकडून' अशी पाटी येते, तो जामीनदार. त्याचं मागलं खातं चांगलं होतं, सबब ह्या कर्जालाही हरकत नसावी. आणि शेवटी सिनेमाचं नाव येऊन गेल्यावर एक विनोदी तुकडा. कडू काढ्यावर चिंचगुळाची गोळी द्यावी तसा.

पण खरी गंमत जोडकामात आहे. नायक टक लावून बघतो. पुढच्या क्षणी नायिका लाजून हसते. आपण प्रेम धरून चालतो. सिनेमात जाऊन बघावं तर तो विजेच्या बिलाकडे बघत असतो आणि ती शेजारणीच्या बाळाकडे पाहून हसत असते, दोन्हींच्या मध्ये दीड तासाचं अंतर. दोन चित्रं शेजारी ठेवली की तिसरा अर्थ आपोआप तयार होतो, हे रशियातल्या कुलेशोव्ह नावाच्या गृहस्थांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं, असं भाची म्हणाली. आमच्याकडे ह्याच कौशल्याला खाडाखोड म्हणतात आणि त्यावर पूर्ण सही लागते.

हे सगळं चालू असताना आमची आई पलीकडे शेंगा निवडत होती. दुसरा ट्रेलर संपताच ती मान वर न करता म्हणाली, "भाऊ मरतो. हा गाव सोडून जातो. मोठा होऊन परत येतो आणि त्या दाढीवाल्याला मारतो. झालं. चहा टाका." त्या सिनेमाला अजून महिना अवकाश होता! अडीच तासांच्या सिनेमाचं हे मिनी स्टेटमेंट आईच्या हातात फुकट पडलं होतं, आता पासबुक भरायला ती कशाला जाईल?

माझी तक्रार आहे ती इथे. ट्रेलर खोटं बोलतात ही नव्हे. हल्लीचे ट्रेलर सगळंच सांगून टाकतात ही. आणि ह्यात निर्मात्याचा एकट्याचा दोष नाही. आपणही घाबरट झालो आहोत. चार माणसांची तिकिटं, गाडी लावायचे पैसे, मक्याच्या लाह्यांचे सोन्याचे भाव. इतकी रक्कम गुंतवायची तर आपण आधी तारण मागतो. रडायचं कुठे, हसायचं कुठे, शेवट गोड आहे ना, हे सगळं आधी तपासून घेतो आणि मगच कर्ज मंजूर करतो. मग निर्माताही बिचारा घरातली सगळी भांडी अंगणात मांडतो.

पूर्वीचे काही लोक असं करत नसत. भाचीने मला 'सिटिझन केन'चा ट्रेलर दाखवला. १९४१ चा सिनेमा. ऑर्सन वेल्स हा पंचविशीतला पोरगा त्याचा दिग्दर्शक आणि नायकही. ट्रेलरमध्ये अंधारात एक मायक्रोफोन वरून खाली येतो आणि वेल्सचा नुसता आवाज आपल्या नटमंडळींची ओळख करून देतो. स्वतः शेवटपर्यंत पडद्यावर येत नाही! आपल्याकडे नायकाचा नुसता बूट आधी दाखवून टाळ्या घेतात. ह्या गड्याने बूटही दाखवला नाही.

हिचकॉकसाहेबांची तर बातच न्यारी. १९६० च्या 'सायको'चा त्यांचा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात ते एकटेच आपल्याला ते भयाण घर आणि शेजारचं लॉज हिंडवून दाखवतात, एखादा दलाल विकाऊ बंगला दाखवतो तसे. इथे जिन्यावर काय झालं म्हणून सांगू, असं म्हणतात आणि सांगत नाहीत. भिंतीवरच्या चित्राला फार महत्त्व आहे, कारण — असं म्हणून वाक्य अर्धवट टाकून पुढच्या खोलीत जातात. शेवटी न्हाणीघराचा पडदा बाजूला सारतात आणि एक बाई किंचाळते. घर आतून-बाहेरून पाहून झालं, पण आपल्याला कळलं काय? काही नाही! आणि त्यातही एक मेख आहे. पडद्याआड किंचाळते ती सिनेमात तिथे असणारी जॅनेट ली नव्हेच. टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. म्हणजे खातं एकीचं आणि सही दुसरीची. माझ्या काउंटरवर हा चेक आला असता तर मी 'सही जुळत नाही' असा शेरा मारून परत केला असता. आणि केवढा गाढवपणा केला असता!

तर मग फसवणूक कशाला म्हणायचं? हा प्रश्न आपल्याकडे थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे. २०१६ साली शाहरुख खानचा 'फॅन' आला. त्याच्या जाहिरातीत एक गाणं होतं. मराठवाड्यातल्या एका बाईंनी ते पाहून घरच्यांसह थेटर गाठलं, तर सिनेमात ते गाणंच नाही. बाई ग्राहक मंचाकडे गेल्या. जिल्ह्याच्या मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च देवविला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम केला. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळं फिरवलं. ट्रेलर म्हणजे कायद्यातला प्रस्ताव नव्हे, त्यातून करार होत नाही, ही अनुचित व्यापारी प्रथाही नव्हे.

बी. कॉम.ला आम्हांला हेच होतं. दुकानाच्या काचेत मांडलेली वस्तू हा प्रस्ताव नव्हे, ते नुसतं निमंत्रण. अपवाद म्हणून तो इंग्लंडमधला धुराच्या गोळ्याचा खटला, १८९३ चा. आमचा गोळा वापरूनही ज्याला फ्लू होईल त्याला शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीने दिली, एका बाईला फ्लू झाला आणि कोर्टाने कंपनीला पैसे द्यायला लावले. का? तर कंपनीने जाहिरातीत लिहिलं होतं, की आम्ही हजार पौंड बँकेत ठेवले आहेत. बँक मध्ये आली की शब्दाला वजन येतं, असा मी त्याचा अर्थ लावला आणि बँकेच्या परीक्षेला बसलो.

कायद्याने कोर्टाचा निकाल बरोबर आहे, ह्याबद्दल मला शंका नाही. पण निकाल वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकदम पांढरा घोडा उभा राहिला. आणि दुसरी एक आठवण झाली, ती तितकीशी गमतीची नाही. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ मुदतीआधी ठेव मोडायला माझ्या काउंटरवर आले होते. दंडाची रक्कम सांगितली तेव्हा त्यांनी पिशवीतून आमच्याच बँकेचं जुनं पत्रक काढलं. झोपाळ्यावर बसून हसणारं एक म्हातारं जोडपं, मागे बाग. ते म्हणाले, "ह्यात तर दंडाचं काही दिसत नाही." मी म्हटलं, "काका, ती जाहिरात आहे." ते म्हणाले, "ठेव ठेवायला आम्ही दोघं आलो होतो." मी पत्रक उलटवून मागची बारीक अक्षरं त्यांना दाखवली. त्यांच्याकडे चश्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवली. दंड नियमाप्रमाणे कापला गेला. माझं त्यात काहीएक चुकलं नव्हतं. त्या दिवशी कॅश पहिल्या फटक्यात जुळली, तरी मी घरी उशिरा गेलो.

भाचीने हे लिहून घेतलं नाही. म्हणाली, "मामा, हे ट्रेलरबद्दल नाहीये." असेल. मग मी तिला 'सैराट'ची गोष्ट सांगितली.

२०१६ च्या एप्रिलअखेर 'सैराट' आला. त्याच्या जाहिरातींत काय होतं? गाणी. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर चालवणारी पोरगी, आणि ते 'झिंगाट', ज्यावर लोक थेटरात खुर्च्या सोडून नाचले. आई गाण्यांची शौकीन. "मला ते गाण्यांचं पिक्चर दाखव," म्हणाली. आम्ही तिघं गेलो. मध्यंतरापर्यंत आई हाताने मांडीवर ठेका धरत होती. मध्यंतरानंतर ठेका थांबला. शेवट मी सांगणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचं मी मिनी स्टेटमेंट काढणार नाही. एवढंच सांगतो, की दिवे लागले तरी लोक उठेनात. चपला शोधायची गडबड नाही, पोरांना हाका नाहीत. हजारो दिवसांच्या व्यवहारात असा न वाजणारा घोळका मी पाहिला नाही.

माझ्या व्याख्येप्रमाणे ही चक्क फसवणूक होती. कागदावर गाणी लिहिली होती आणि हातात भलतंच ठेवलं. पण जाहिरातीने खरं काय ते सांगितलं असतं तर आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकती ना. कारण असल्या लग्नाबद्दल आमच्या घरात बोलायची सोय नव्हती. ताईने २००४ साली जातीबाहेर लग्न केलं, त्याला बारा वर्षं होऊन गेली होती, आणि त्या बारा वर्षांत आईने तिचं नाव घेतलं नव्हतं. मी चोरून फोन करत असे, बँकेतून, लंच टायमात.

त्या रात्री रिक्षात आई काही बोलली नाही. घरी आल्यावर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत असताना म्हणाली, "तिचा नंबर असेल ना तुझ्याकडे?"

भाची तेव्हा दहा वर्षांची होती. आजीने तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्या मे महिन्यात.

तिने हे सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ कागदावर पेनाने चौकोन काढत बसली. मग विचारलं, "हे उदाहरण म्हणून घेऊ?" मी म्हटलं, वीस गुणांना पुरेल की नाही सांगता येत नाही, प्राध्यापकांना विचार.

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर आणखी एका नव्या मराठी सिनेमाचा ट्रेलर आपोआप सुरू झाला. आई शेंगांची परात बाजूला ठेवून बघू लागली. मिनिटभर झालं असेल. कुणीतरी दार वाजवलं, एका बाईने कडीला हात घातला, आणि आईने मोबाइल घेऊन पाटावर पालथा घातला.

"बंद कर. राहिलेलं थेटरात बघू," ती म्हणाली. आणि मला म्हणाली, "रविवारची पाच तिकिटं काढ. ताईला विचार, येतेस का म्हणून."